एकोणपन्नासावा दिवस

१

शुक्रवारी सकाळी साडेदहाला प्रयोगशाळेतलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा आत जुने मॉनिटर होते, वायरींची भेंडोळी होती, कुणाचा तरी दोन वर्षांपूर्वीचा जेवणाचा डबा होता. वही तेवढी नव्हती.

आता वही काही सोन्याची नव्हे. लाल पुठ्ठ्याची, लांबडी, दोनशे पानी. धाराशिवच्या कुठल्याही दुकानात मिळेल अशी. पण तिच्यात देवश्री नावाच्या मुलीची चार वर्षं होती आणि सोमवारी अकरा वाजता विद्यापीठाची तीन माणसं नेमकी ती वही बघायला येणार होती.

प्राचार्यांनी पोलिसांना बोलावलं नाही. वही हरवली म्हणून पोलीस कशाला येतात? त्यांनी नारायणरावांना बोलावलं.

नारायणराव म्हणजे कॉलेजच्या सात बस सांभाळणारे गृहस्थ. त्याआधी एसटीत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक. कुठल्या गाडीवर कुठला ड्रायव्हर, कुठल्या फेरीला कुठला कंडक्टर, ही ड्युटी लावण्यात जन्म गेला. त्या खुर्चीवर माणूस एक गोष्ट शिकतो. आपण कुठं होतो हे प्रत्येक जण छातीठोक सांगतो, आणि त्यातला एक जण हमखास थापा मारत असतो. कॉलेजात काही गहाळ झालं की नारायणरावांना विचारायचं, अशी रीतच पडली होती. त्यांना ते आवडायचं. कबूल मात्र कधी करायचे नाहीत.

"बसा," प्राचार्य म्हणाले. "पंधरा दिवसांपूर्वी हे पत्र आलं. निनावी. एक प्रत विद्यापीठाला, एक मला."

पत्र टाइप केलेलं होतं आणि मुद्द्याचं होतं. देवश्रीचा प्रबंध बनावट आहे. कळंबच्या एका वर्कशॉपमध्ये बसून चार महिने निरीक्षणं नोंदवली असं ती सांगते. निरीक्षण चार नोव्हेंबरला, सोमवारी सुरू झालं. प्रबंधात तारखा नाहीत, फक्त कामाच्या दिवसांचे क्रमांक आहेत. तक्ता सातमध्ये एकोणपन्नासाव्या दिवशी तेवीस कामं झाल्याचं दाखवलंय. कुणीही मोजून पाहावं, एकोणपन्नासावा कामाचा दिवस म्हणजे येळवस, सगळं गाव शेतात जेवायला जातं ती अमावस्या. त्या दिवशी कळंबात वर्कशॉप सोडाच, चहाची टपरी उघडी नसते. मग तेवीस कामं केली कुणी?

नारायणरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरामागं लटकलेलं त्या सालचं जुनं कॅलेंडर खाली घेतलं, नोव्हेंबरचं पान काढलं आणि रविवार सोडून बोटानं मोजत गेले. चार नोव्हेंबर, एक. नऊ तारखेला सहा. दहा रविवार, सोडला. असं करत करत बोट तीस डिसेंबरवर थांबलं. एकोणपन्नास. चौकटीत अमावस्येचा काळा गोळा होता आणि खाली लिहिलं होतं, वेळा अमावस्या. म्हणजेच येळवस.

"हिशेब बरोबर आहे की," ते म्हणाले.

"म्हणून तर. वही आली की दुधाचं दूध होईल, असं मी विद्यापीठाला कळवलं. आता वहीच नाही. लोक काय म्हणणार? हिनंच गायब केली." प्राचार्यांनी पत्र दुमडून खणात टाकलं. "तिचा प्रबंध रद्द होईल, वर खोट्या आकड्यांचा शिक्का बसेल. असा शिक्का बसलेल्या माणसाला पुढं कुणी दारात उभं करत नाही. आणि हे पत्र तिला दाखवायचं नाही. चौकशी होईपर्यंत तक्रार गुप्त, असा नियम आहे."

२

देवश्री मूळची तुळजापूरची. वडील शाळामास्तर, आजोबाही मास्तर. अशा घरातल्या मुलीला रडायला आलं की ती टेबल आवरायला घेते. नारायणराव गेले तेव्हा तिचं टेबल अगदी लख्ख होतं.

"पोरी, तुझं संशोधन नेमकं कशावर, ते मला एकदा सांग," ते खुर्ची ओढत म्हणाले. "इंग्रजी नको."

"काका, एक वर्कशॉप आहे. सहा मशीन. लेथ, ड्रिल, शेपर, वेल्डिंग, असं. दिवसाला वीस-पंचवीस जॉब येतात. कुणाच्या रोटाव्हेटरचा शाफ्ट, कुणाच्या पेरणी यंत्राचा फाळ. एकाला आधी लेथ लागतं मग ड्रिल, दुसऱ्याला आधी वेल्डिंग मग लेथ. एका मशीनवर एका वेळी एकच काम बसतं. मग कुठलं आधी घ्यायचं, म्हणजे सगळे लवकर मोकळे होतील?"

"म्हणजे फलाट सहा आणि गाड्या पंचवीस."

"तसंच."

"हेच म्या एकतीस वर्षं केलं. मला कुणी डॉक्टर म्हणलं न्हाय."

देवश्री कसनुशी हसली. नारायणरावांना बरं वाटलं. हसलेलं माणूस सरळ बोलतं.

वहीबद्दल तिनं सांगितलं ते एवढं. बुधवारी संध्याकाळी वही कपाटात होती, तिनं स्वतः पाहिली. गुरुवारी ती विद्यापीठात गेली होती. शुक्रवारी वही नाही. संगणकात सगळे आकडे आहेत, पण दिवसाच्या क्रमांकानं. आणि संगणकातले आकडे कुणीही घरी बसून भरू शकतं, असं विद्यापीठाच्या समितीनं आधीच कळवलंय. त्यांना वहीच हवी. तिच्यात प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि खाली महांतप्पा मिस्त्रींची सही.

"फोटो काढून ठेवायचे न्हाईत का?"

"पहिल्या पानाचा काढला होता. तोपण हौस म्हणून." तिनं मोबाइल पुढं केला. पानावर हळदी-कुंकवाची पाच बोटं होती, त्यांखाली जाड पेननं 'श्री तुळजाभवानी प्रसन्न' लिहिलेलं. "दिवाळीच्या पाडव्याला वर्कशॉपमध्ये मशीनींची पूजा असते. महांतप्पांनी माझी वहीपण पूजेत मांडली. म्हणाले, हीपण आता हत्यारच की."

नारायणरावांनी फोटो नीट पाहिला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते निरीक्षण चालू असताना येळवस आली असंल. वर्कशॉप चालू होतं का त्या दिवशी?"

"छे. येळवशीला कोण चालू ठेवतंय, काका?" ती लगेच म्हणाली. "त्यांच्या शेतात जेवायला गेले होते मी. भज्जी, उंडे, आंबील. दिवसभर तिथंच होते, मशीनला हातसुद्धा लावला नाही कुणी."

तिनं हे अगदी मोकळेपणानं सांगितलं. पोरीनं स्वतःच्या तोंडानं स्वतःला फासावर चढवलं होतं आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

३

प्रयोगशाळेत द्वारकाबाई स्टुलावर उभ्या राहून देवीचा फोटो नीट करत होत्या. स्विचबोर्डच्या वर एक लाकडी फळी, फळीवर तुळजाभवानीची तसबीर. मंगळवारी आणि शुक्रवारी हार बदलायचा, उदबत्ती लावायची. बाईंच्या नोकरीच्या यादीत हे काम नव्हतं, पण अठरा वर्षांत चुकलंही नव्हतं.

"बघा की भाऊ, फोटो सारखा म्होरं झुकायलाय," त्या म्हणाल्या. "मंगळवारी सरळ व्हता. आता हार घातला की घसरतोय."

"खिळा ढिला झाला असंल. कपाटाची किल्ली कुठं असते?"

"ह्या खिळ्याला. म्या कशाला खोटं बोलू, समद्यांला म्हाईत हाय. स्वानंद सरांला, देवश्रीला, रणधीरला. म्या गुरुवारी चार वाजता झाडून गेले, तवा कोन आलं कोन गेलं ते न्हाय बघितलं."

"तुम्ही तो प्रबंध वाचलाय?"

द्वारकाबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की नारायणरावांनी पुढचा प्रश्न गिळला.

डॉ. स्वानंद हे देवश्रीचे मार्गदर्शक. मूळचे नाशिकचे, नऊ वर्षांपासून इथं. हुशार माणूस, पण बोलणं थोडं तुटक. त्यांच्या एका जुन्या निष्कर्षाला देवश्रीच्या प्रबंधानं खोटं पाडलं होतं, ही कुजबूज नारायणरावांच्या कानावर होती. ती त्यांनी सरळ बोलून दाखवली.

"खरं आहे," स्वानंद सर म्हणाले. "वाईट वाटलं. चार दिवस तिच्याशी नीट बोललो नाही. पण ते खोटं ठरवणारे आकडे माझ्या डोळ्यांदेखत लिहिले गेलेत, नारायणराव. मला रविवारीच सवड असते. महिन्यातून एखाद्या रविवारी गाडी घेऊन जायचो, तिच्या शेजारी बसायचो. मिस्त्री चहा पाजायचे. मी माझ्या विद्यार्थिनीवर संशय घेत नाही."

"आणि येळवस म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक?"

"कॉलेजला सुट्टी असते. पहिल्या वर्षी ठाऊक नव्हतं, डबा न घेता आलो आणि उपाशी राहिलो."

तिसरा रणधीर. भूमकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, गणितात तेज. देवश्रीच्या मागून एक वर्षानं लागलेला. त्याचं टेबल तिच्या टेबलाला लागून होतं आणि टेबलामागच्या भिंतीवर त्याचा मोठा तक्ता टांगलेला होता. परिषदेत बक्षीस मिळालेला. सहा मशीनच्या सहा ओळी, त्यांत रंगीत पट्ट्या. सहा उभे रकाने रंगांनी भरलेले, मग एक पांढरा, पुन्हा सहा भरलेले, पुन्हा एक पांढरा. खाली लिहिलेलं: कळंब येथील वर्कशॉपमधील प्रत्यक्ष निरीक्षणांवरून.

"तेच वर्कशॉप?" नारायणरावांनी विचारलं.

"व्हय काका. तिच्यानंतर सहा महिन्यांनी. देवश्रीनंच नाव सुचवलं होतं. तीन महिने रोज जायचो." रणधीर उठून उभा राहिला होता, पोरगा मर्यादशील होता. "तिचं असं व्हायला नको होतं. पण काका, एक सांगू? वही असती तर तिनं पहिल्याच दिवशी नेऊन दिली नसती का?"

बोलण्यात तथ्य होतं. नारायणराव बस-शेडकडं परतले ते हात हलवत. शनिवार तसाच गेला. उरला एक रविवार आणि हातात काही नाही.

४

रविवारी सकाळी नारायणराव एसटीनं कळंबला उतरले. वर्कशॉप बंद असणार हे त्यांनी धरलंच होतं. मिस्त्रींचं घर मागच्या बाजूला आहे, घरी जाऊन भेटावं, असा बेत होता.

कोपऱ्यावर वळले आणि थबकले. लेथचा घरघराट रस्त्यापर्यंत येत होता. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. दारात दोन ट्रॅक्टर, एक टेम्पो आणि खांद्यावर नांगराचे फाळ घेतलेली चार-पाच माणसं रांगेत.

महांतप्पा मिस्त्रींनी लेथ थांबवलं, हात पुसले. साठीचा माणूस, कपाळाला विभूती, चष्म्याला दोरी.

"मिस्त्री, आज रविवार ना?"

"मग?"

"सुट्टी न्हाय?"

महांतप्पा हसले. "साहेब, रईवार तुमच्या हापिसाला. आमच्याकडं रईवारीच तर लई गर्दी. मास्तर, तलाठी, कंपौंडर, समदे नोकरीवाले शेतकरी रईवारीच येत्यात. आमची सुट्टी एकच. अमुशा. अमुशेला बैल जुपायचा न्हाय, भट्टी पेटवायची न्हाय, मशीनला हात लावायचा न्हाय. माझ्या बापाच्या टायमापासून हे असंच हाय."

नारायणराव तिथंच उलट्या डब्यावर बसले. खिशातून त्या सालचं छोटं कॅलेंडर काढलं आणि पुन्हा मोजायला लागले. या वेळी रविवार सोडले नाहीत. मधली एक कार्तिकातली अमावस्या तेवढी सोडली. चार नोव्हेंबर, एक. पाच, दोन.

बोट थांबलं तेवीस डिसेंबरवर. सोमवार. येळवशीच्या बरोब्बर आठवडाभर आधी. आठ रविवार वजा एक अमावस्या, सात दिवसांचा फरक. एकोणपन्नासावा दिवस हा येळवस नव्हताच. साधा, भरल्या कामाचा दिवस होता, तेवीस जॉबचा.

पोरगी खरं बोलत होती. आणि पत्र लिहिणाऱ्यानं केलेली चूक नारायणरावांनीही केली होती, प्राचार्यांच्या खोलीत, बोटानं मोजून. स्वानंद सरांनी रविवारचं सांगितलं होतं, तेही त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं. हे त्यांना जरा लागलं.

"मिस्त्री, आणखी एक. रणधीर नावाचा मुलगा तुमच्याकडं येऊन बसायचा का? तीन महिने?"

"बसायचा?" महांतप्पांनी चष्मा वर केला. "एक पोरगा आल्ता बगा एकदा. बुधवार-बिधवार असंल. मशीन मोजल्या, फोटो काढला, च्या पिला. जाताना पाया पडला. पुन्ना न्हाय आला. चांगला व्हता पोरगा."

५

परतीच्या गाडीत नारायणरावांनी मांडीवर कागद घेतला आणि सवयीनं ड्युटी लावायला घेतली. वर चार रकाने: देवश्री, स्वानंद, द्वारकाबाई, रणधीर. गाडी गचके देत होती, पण हात बसलेला होता.

पत्र लिहिणाऱ्यानं वही पाहिलेली नव्हती. पाहिली असती तर त्यानं पान आणि तारीख दिली असती. त्याला प्रबंधातल्या क्रमांकावरून तारीख मोजावी लागली. म्हणजे पत्र आधी, चोरी नंतर. ज्यानं येळवस धरली तो इथल्या चालीरीती जाणणारा. आणि ज्यानं रविवार सोडले तो त्या वर्कशॉपमध्ये कधी आठवडाभर बसलेला नाही.

स्वानंद सर तिथं रविवारीच जायचे. ते रविवार सोडणं शक्य नाही. द्वारकाबाईंनी प्रबंध वाचलेला नाही आणि वाचणारही नाहीत. देवश्रीनं स्वतःविरुद्ध चुकीचा हिशेब करायचं कारण नाही. चौथा रकाना उरला. त्या रकान्यातला माणूस म्हणतो, तीन महिने रोज जायचो. आणि त्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात दर सातवा रकाना पांढरा आहे.

कारण मग आपोआप दिसलं. वही समितीपुढं गेली की वर्कशॉप रविवारी चालतं हे सगळ्यांना कळणार. मग एक दिवस कुणीतरी मान वर करून तो बक्षीसपात्र तक्ता बघणार. देवश्रीचे आकडे खोटे ठरले तरच रणधीरचे आकडे वाचत होते.

एवढं सगळं जुळलं, पण वही? समिती उद्या अकराला. नुसत्या हिशेबानं पोरगा 'मोजताना चूक झाली' म्हणून मोकळा होईल. वही जाळली असली तर संपलंच.

तेरखेड्याच्या पुढं कुठंतरी नारायणरावांना तो फोटो आठवला. कुंकवाची पाच बोटं. श्री तुळजाभवानी प्रसन्न. ते स्वतःशी म्हणाले, भूमच्या शेतकऱ्याचा पोरगा. मिस्त्रीच्या पाया पडून गेलेला. देवीचं नाव आणि कुंकू असलेली वही तो जाळेल? फाडेल? कचऱ्यात टाकेल? आपल्याकडं साधी लग्नपत्रिका फेकायला लोकांचा हात धजत नाही. वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असतात. अशी गोष्ट माणूस खाली ठेवत नाही, पायाशी ठेवत नाही. वरच ठेवतो.

आणि मग द्वारकाबाईंचा आवाज कानात आला. मंगळवारी सरळ व्हता.

६

सोमवारी नऊ वाजता प्रयोगशाळेत पाच माणसं होती. नारायणराव खुर्चीवर, स्वानंद सर खिडकीशी, देवश्री आणि रणधीर आपापल्या टेबलांशी, द्वारकाबाई दारात झाडू घेऊन. समितीची गाडी सोलापूरहून निघाल्याचा फोन आला होता.

"रणधीर," नारायणराव शांतपणे म्हणाले, "तुझ्या तक्त्यात हा पांढरा रकाना कशाचा?"

"रविवार, काका. वर्कशॉपची सुट्टी."

देवश्रीनं मान वळवली. स्वानंद सरांनीही. देवश्रीनं इतक्या वेळा तो तक्ता पाहिला होता, पण दुसऱ्याच्या तक्त्यातली कोरी जागा कोण बघतं?

"तिथं रविवारी सुट्टी नसते, रणधीर," स्वानंद सर हळूच म्हणाले. "मी रविवारीच जायचो."

रणधीरचा चेहरा हळूहळू उतरत गेला. नारायणरावांनी पत्रातला हिशेब सांगितला, आठ रविवारांचा, एका अमावस्येचा, सात दिवसांच्या फरकाचा. आवाज चढवला नाही. फलाटावरच्या घोषणेसारखं सांगून टाकलं. मग स्विचबोर्डच्या वरच्या फळीकडं बोट केलं.

"काढ. तूच ठेवलीस, तूच काढ."

रणधीरनं बूट काढले, स्टूल ओढलं आणि वर चढला. तसबीर पुढं करून मागून लाल पुठ्ठ्याची वही काढली, फुंकर मारून धूळ झाडली. खाली उतरून ती त्यानं देवश्रीच्या टेबलावर ठेवली, तिच्या हातात दिली नाही.

"गुरुवारी एकोणपन्नासावा दिवस बघायला उघडली," तो म्हणाला. "म्हणलं, येळवशीचं पान सापडलं की फोटो काढून पाठवावा. तारीख बघितली तर तेवीस. मग पुढचे सगळे रविवार बघितले. सगळे भरलेले. जाळायलाच घेतली होती. पहिलं पान उघडलं आणि न्हाय जमलं."

"पण का?" देवश्रीनं विचारलं. चार दिवसांतला तिचा हा पहिला चढा आवाज. "तुला जायचं तरी काय जड होतं? तीन महिने बसायचं होतं फक्त."

"तुला काय कळणार," रणधीर म्हणाला. "कामं लावायची माझी रीत डोक्यात तयार होती. ती खरी आहे हे मला दिसत होतं. तिथं डब्यावर बसून जॉब मोजायचे, त्यानं रीत बदलणार होती का? मला वाटलं, वर्कशॉप सगळी सारखीच असतात. आकडे भरले आणि मोकळा झालो. तुझा प्रबंध आला, दर दिवशी कामं, सलग. मला वाटलं तूपण माझ्यासारखंच केलंस आणि येळवशीला चुकलीस. खरंच वाटलं. तरी तू माझ्याआधी डॉक्टर होणार, ते सोसवलं नाही म्हणून पत्र टाकलं. सगळेच करत असतील, असं वाटलं मला."

हे वाक्य नारायणरावांना सगळ्यात वाईट वाटलं. चोरापेक्षाही वाईट तो, ज्याला सगळं जग चोर दिसतं. त्यांना रागही आला आणि पोराची कीवही आली.

देवश्रीनं वही उघडली. तेवीस डिसेंबर: तेवीस जॉब, खाली महांतप्पांची सही. सात पानं उलटली. तीस डिसेंबरच्या पानावर एकच ओळ होती: 'काम बंद. शेतात जेवण. आंबील आंबट होती.' त्याखालीही सही होती.

समिती अकराला आली, सव्वाबाराला चहा घेऊन गेली. देवश्रीचं काम झालं. रणधीरनं त्याच दिवशी प्राचार्यांना सगळं लिहून दिलं. बक्षीस परत गेलं, परिषदेतला त्याचा शोधनिबंध मागे घेतला गेला, नोंदणी रद्द झाली. तो सामान बांधून भूमला निघून गेला, आणि भिंतीवर तक्त्याच्या जागी चार खिळे उरले.

दीड महिन्यानं देवश्री पेढे घेऊन बस-शेडमध्ये आली. आता ती डॉक्टर होती. नारायणरावांनी पेढा घेतला, पण पोरीचा चेहरा पेढ्याचा नव्हता.

"काका, मी एक केलं. त्याची रीत माझ्या आकड्यांवर चालवून बघितली. कामं निवडताना पुढच्या मशीनपुढं रांग किती आहे ते बघायचं, अशी त्याची रीत आहे. साधीच. मला कधी सुचली नाही."

"मग?"

"माझ्या रीतीनं थांबायचा वेळ चौदा टक्क्यांनी कमी होतो. त्याच्या खोट्या आकड्यांवर त्याच्या रीतीनं तो सतरा टक्क्यांनी कमी दिसत होता. खऱ्या आकड्यांवर बावीस." तिनं पेढ्याच्या खोक्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "रविवारची गर्दी आली की त्याची रीत जास्तच चांगली चालते. त्यानं रविवार सोडले म्हणून त्याला कमी दिसलं. मला त्याला फोन करवत नाही. राग गेलेला नाही माझा. पण हे त्याला कळायला पाहिजे."

त्या रविवारी नारायणराव भूमला गेले. रणधीर स्टँडवरच भेटला, दाढी वाढलेली, हातात खताच्या दुकानाची पिशवी. त्यानं वाकून नमस्कार केला आणि खाली बघत उभा राहिला. नारायणरावांनी प्रस्तावना केली नाही. देवश्रीनं सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं, आकड्यांसकट.

समोर परांड्याची गाडी लागली, भरली, निघून गेली.

"रविवार धरून?" त्यानं विचारलं.

"रविवार धरून."

तो मागच्या बाकावर बसला. पिशवी खाली ठेवली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून त्यानं इतकंच म्हटलं, "बसायला पाहिजे होतं, काका. तिथं नुसतं बसायला पाहिजे होतं."

नारायणराव त्याच्या शेजारी बसले. धाराशिवची गाडी यायला अजून पाऊण तास होता, आणि तेवढा वेळ ते तिथंच बसून राहिले.